खोटी हजेरी

दिगू,

तुझ्या बायकोने, मीनलने, फोन केला तेव्हा तिने माझं नाव घेतलं नाही. "हजर बोलताय ना?" असं विचारलं. नऊ वर्षांत तुझ्या घरात माझं खरं नाव पोचलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, हो, हजरच बोलतेय. मग तिने सांगितलं. ऐकल्यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. मीनल म्हणते, मी एवढंच विचारलं, "मग रविवारी येणार नाही का तो?"

ऑफिसात अर्धा दिवस रजा मागितली, तर हेडक्लार्क मॅडमनी विचारलं, कोण लागत होते तुझे? मित्र, म्हटलं. कॉलेजमधला? नाही, खेळातला. त्यांना वाटलं, कबड्डी. मी हो म्हणून टाकलं. मुलुंडचा एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आणि कांजूरमार्गची एक क्लार्क दर रविवारी दुपारी तीन वाजता आपापल्या घरी लॅपटॉपवर एक ऑनलाइन खेळ उघडून, सोंगं घेऊन, एका म्हातारीला मारायला जायचे, हे त्यांना कसं सांगू? आणि ते नऊ वर्षं चाललं, हे कोणाला खरं वाटेल?

तुझं सोंग ढालवाल्याचं. सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं आणि मार खायचा. माझं सोंग वैद्याचं, नाव सावली. मागे उभं राहायचं आणि तुला मरू द्यायचं नाही. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात तुझ्या जिवाची लाल पट्टी असायची. ती कमी व्हायला लागली की मंत्र मारायचा, पट्टी भरायची. बाकी लोक जंगल बघायचे, किल्ले बघायचे, नवीन आलेल्या घोड्यांचं कौतुक करायचे. मी ती पट्टी बघायची. सगळी मिळून इतकी वर्षं मी ती बघितली, आणि खरी पट्टी कधी उतरायला लागली ते मला दिसलं नाही. मीनल म्हणते, त्यांनाच कळलं नाही, तुम्हाला काय कळणार? बरोबर आहे तिचं. पण मी वैद्य होते ना रे.

आपल्या मंडळाचं नाव तू ठेवलंस, राखणदार मित्र मंडळ. बाकीच्या जगातल्या टोळ्यांची नावं काळ्या ड्रॅगनची, रक्ताची, वादळाची. त्यांत आपलं एक मित्र मंडळ. आणि म्हातारीच्या कोटात शिरण्याआधी तू गाऱ्हाणं घालायचास. मला कोकणातलं काही माहीत नव्हतं, तूच सांगितलं होतंस. देवासमोर नारळ ठेवून जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तू ते हेडफोन लावून म्हणायचास.

"बा देवा राखणदारा, आज हय जमलेली तुझी लेकरां म्हातारेच्या कोटात चल्लीत. खयच्याय लेकराचा नेट जाव नको. कोणाच्या घराक पावणो येव नको. आणि इलोच, तर चाय पिऊन बेगीन जांव दे रे म्हाराजा."

वीस जण एका सुरात, व्हय म्हाराजा.

मी म्हटलं नाही. पहिल्याच रविवारी माईकवर सांगून टाकलं, की आम्ही बौद्ध, आमच्या घरात गाऱ्हाणी नसतात. कोणाकडे मागायचं नाही, जे करायचं ते आपण करायचं, असं आईने शिकवलंय. तेव्हा मी व्हय म्हाराजा म्हणणार नाही. मला वाटलं, आता हा काढणार आपल्याला. इंग्रजी बोलणाऱ्या दोन टोळ्यांनी आधीच काढलं होतं. तू विचारलंस, "मग काय म्हणशील? तू आलीयस ते कळायला पायजे ना." मी म्हटलं, हजर म्हणेन. तू म्हणालास, हजर तर हजर.

तेव्हापासून वीस व्हय म्हाराजा आणि शेवटी एक हजर. माझं नाव तेच पडलं. एकदा आमच्या घाटकोपरच्या कॉलेजातली लिफ्ट बंद पडली आणि नेमका तू आलास. शिपायाला तू विचारलंस, हजरबाई कुठे बसतात? आणि त्याने तुला सरळ माझ्या टेबलापाशी आणून सोडलं, कारण मुलांच्या हजेरीचं काम माझ्याकडे. तू हसून हसून भिंतीला टेकलास. माझ्या टेबलासमोर दोन पोरं रडवेली होऊन उभी होती, पंचाहत्तर टक्के भरत नव्हते म्हणून. मी त्यांना हाकललं. तू म्हणालास, लाव की दोन दिवस, कोण बघतंय? मी म्हटलं, मी बघतेय. आजवर कोणाची खोटी हजेरी लावली नाही आणि लावणार नाही.

मग चौथ्या मजल्याच्या जिन्यात बसून आपण चहा प्यायलो. तुझे हात ग्रीसने काळे, म्हणून तू कप दोन मनगटांमध्ये धरला होतास. आपल्या वादाची सुरुवात तिथलीच. मी म्हटलं होतं, दिगू, खरं सांग, खेळ संपलाय ना? तीच म्हातारी, तोच कोट. वर्षातून एकदा नवीन बेट येतं, ते दोन आठवड्यांत पालथं घालून होतं. मग तलवारीचा आकडा वाढवतात, म्हातारीचाही वाढवतात, आपण होतो तिथेच. रोज उघडलं की सातव्या दिवशी बक्षिसाची पेटी मिळते, म्हणून आपण रोज उघडतो. मजा म्हणून उघडत नाही, एक दिवस चुकला तर पेटी जाईल म्हणून उघडतो. असला खेळ किती वर्षं धरून ठेवील माणसाला?

तू लिफ्टच्या उघड्या दाराकडे मनगटांनीच खूण केलीस. "ही पंधरा वर्षं वर-खाली करते. पोचली कुठे? तरी रोज लोक चढतात ना?"

मी म्हटलं, लोक लिफ्टसाठी चढत नाहीत, वर कोणाकडे तरी जायचं असतं म्हणून चढतात. तू चहा संपवलास आणि म्हणालास, "मग मी काय वेगळं बोललो?"

मला ते तेव्हा चलाखीचं उत्तर वाटलं.

आता ते लिहिते, जे लिहायला मी बसले आहे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

सव्वा वर्षापूर्वीचा तो रविवार. आपण म्हातारीला मारलं आणि पेटीतून तीच कुऱ्हाड निघाली, जी तीन वर्षांपूर्वी निघाली होती. मी वैतागले. माईकवरच म्हटलं, वाट लागलीय या खेळाची, आपण सगळे बैलासारखे घाण्याला फिरतोय. तू शांतपणे म्हणालास, गावच्या दशावतारात राक्षस दरवर्षी मरतो. आख्ख्या गावाला माहीत असतं, तो मरणार आहे. तरी चटया घालून बसतात की नाही? मी म्हटलं, ते वर्षातून एकदा बसतात, आपण रोज बसतो. बोरिवलीचा पक्या जोरात हसला.

तिथे मी थांबायला हवं होतं. जिंकले होते मी. पण मला जिंकून पुरत नाही, हे तुला माहीत होतं. मी म्हटलं, "बाहेर तुला कोणी विचारत नाही, म्हणून इथे प्रमुख होऊन बसलायस. बारावी पास झाला असतास तर कळलं असतं तुला, कुठल्या गोष्टीला किती वेळ द्यायचा."

वीस जणांसमोर. कोणी हसलं नाही.

आमच्या खानदानात मी पहिली पदवीधर. बी.कॉम.चं सर्टिफिकेट बाबांनी दारासमोर लावलंय, पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी ते दिसतं. बाबांनी इमारतींच्या गेटवर उभं राहून मला शिकवलं, आणि शिकलेल्या माणसांनी त्यांना 'ए वॉचमन' म्हणताना मी ऐकलंय. ते मला कसं लागायचं ते मला अजून आठवतं. आणि तेच मी तुला केलं. पदवी माझ्याकडे आहे, याचा मला आजही अभिमान आहे, तो मी सोडणार नाही. पण त्या दिवशी मी ती चपलेसारखी वापरली.

तू एवढंच म्हणालास, "चला रे, आवरा, मीनलने चाय टाकलीय." आणि मी माझ्या बाजूने खेळ बंद केला.

चार महिने उघडला नाही. पहिले पंधरा दिवस फार मोकळं वाटलं. रविवारी दुपारी झोपायला लागले. मग एक दिवस कळलं की मी झोपत नाही, तीन वाजायची वाट बघत पडून राहते. खेळाची आठवण येत होती का? नाही. ती म्हातारी, ते किल्ले, त्यांचं मला काही नव्हतं. तुझं गाऱ्हाणं आठवायचं. या आठवड्यात काय मागितलं असेल याने? कोणाच्या घरचा पाहुणा लांब ठेवला असेल?

पण सावली म्हणून परत यायचं म्हणजे आधी माफी मागायची. ते जमेना. म्हणून मी नवीन नावाने आले, काजवा. वैद्य नाही, धनुष्यवाला, म्हणजे कोणाला संशय नको. माईक बिघडलाय असं सांगितलं, सगळं टाईप करायची. पक्याला वाटलं, विक्रोळीचा कोणीतरी नवीन गडी आहे. तुम्ही सगळे काजव्याला तो म्हणायला लागलात. मी चालवून घेतलं.

आणि पहिल्याच रविवारी घोळ केला. तू गाऱ्हाणं घातलंस, सगळे व्हय म्हाराजा म्हणाले, आणि माझ्या बोटांनी आपोआप टाईप केलं, हजर. पाठवूनही झालं. तू दोन क्षण थांबलास. मग म्हणालास, "काजव्या, तू दाराकडे उभा रव. एकदम पुढे जाव नको." म्हटलं, सुटले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दिगू, ते दहा महिने मला खेळ पुन्हा नवा वाटला. मी खोटं बोलणार नाही, झकास गेले. मला सगळं माहीत होतं आणि तू मला सगळं पहिल्यापासून शिकवत होतास. कुठल्या दगडामागे उभं राहिलं की म्हातारीची आग लागत नाही. दलदलीतून जाताना कुठला झेंडा डाव्या हाताला ठेवायचा. मी मुद्दाम चुका करायची, तू कंटाळायचा नाहीस. नऊ वर्षांपूर्वी तू हे सगळं मला असंच शिकवलं होतंस, पण तेव्हा मी खेळ शिकत होते, तू कसा शिकवतोस ते बघायला वेळ नव्हता. या वेळी तेवढंच बघितलं.

एका रविवारी सगळे गेल्यावर आपण दोघं दलदलीच्या कडेला उभे होतो. मी टाईप केलं, तुमची ती जुनी वैद्य का गेली? तू माईकवर म्हणालास, कंटाळली. मी टाईप केलं, मग चूक तिची? मागून तुझ्या घरातला मिक्सर ऐकू येत होता.

"चूक कसली? खेळ जुना झालाय, ते तिचं बरोबर होतं. बारावीचंही बरोबर. फक्त ते माईकवर बोलली. एकट्यात बोलली असती, तर मी पण हो म्हटलं असतं."

मी विचारलं, मग तुम्ही का येता अजून?

"दार उघडायला कोणतरी लागतं ना रे काजव्या. ती आली आणि दार बंद दिसलं तर?"

मी 'दिगू, मी' एवढं टाईप केलं. मग पुसलं. म्हटलं, पुढच्या रविवारी. त्यानंतर सहा रविवार झाले. मग तो रविवार आला, ज्याच्यानंतर तू खेळ उघडलाच नाहीस, आणि त्या गुरुवारी तू गेलास.

खेळाचा एक नियम आहे, तो तू कधी लागू दिला नाहीस. प्रमुख सलग तीस दिवस आला नाही की पद उपप्रमुखाकडे जातं. उपप्रमुखही तेवढेच दिवस गैरहजर असेल, तर मंडळ बरखास्त. अठ्ठाविसाव्या दिवशी, सकाळी सकाळी, पक्याचा फोन आला. त्याला मी काजवा असल्याचं माहीत नव्हतं, तो सावलीशी बोलत होता. म्हणाला, "ए शाणी, उपप्रमुख अजून तूच आहेस. तुझं नाव त्याने काढलंच नाही. मी कितीदा बोललो त्याला, काढ. बोलायचा, राहू दे, बिनपगारी रजेवर आहे ती."

मीनलने दुसरा उपाय सांगितला होता. तुझा पासवर्ड तिच्याकडे होता. त्यांच्या नावाने एकदा उघडा, म्हणाली, म्हणजे दिवस परत पहिल्यापासून मोजतील आणि ते तिथे राहतील. तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून मला नाही म्हणवत नव्हतं. तरी नाही म्हटलं. वहिनी, ती खोटी हजेरी होईल, म्हटलं. तो नसताना तो आला असं मी लावणार नाही. ती म्हणाली, ते पण असंच बोलायचे, हजर कोणाची खोटी लावत नाही.

म्हणून त्या रविवारी तीन वाजता सावली परत आली. सगळे होते. पक्याने गाऱ्हाणं घालायचा प्रयत्न केला. बा देवा म्हाराजा, इथपर्यंत आला आणि त्याला पुढचं सुचेना, नुसता खाकरत राहिला.

मी म्हटलं, माझं आधी ऐका. ज्या माईकवर बोलले होते त्याच माईकवर बोलते. दिगूला मी जे बोलले ते चूक होतं. खेळाबद्दलचं नाही, ते मी अजून म्हणते. बारावीचं आणि प्रमुख होऊन बसल्याचं. ते बोलायला नको होतं. त्याच्यासमोर सांगायला हवं होतं, ते झालं नाही, म्हणून तुमच्यासमोर. आणि दुसरं, काजवा मीच.

मग पक्या म्हणाला, "मायला. दहा महिने आम्ही तुला दगडामागे उभं राहायला शिकवतोय?"

तेवढ्यावर सगळे हसले, आणि हसता हसता कोणीतरी नाक ओढलं.

गाऱ्हाणं मला येत नाही. मला येतं ते मी केलं. यादी काढली आणि एकेक नाव घेतलं. पहिला कोण बोलला कळलं नाही, पण तो व्हय म्हाराजा म्हणाला नाही, हजर म्हणाला. मग सगळेच. वीस वेळा हजर. मग आम्ही म्हातारीच्या कोटात गेलो आणि दोन मिनिटांत सगळे मेलो. पुढे ढाल घेऊन कोणी नव्हतं, आणि मी सवयीने कोपऱ्यात तुझी पट्टी शोधत राहिले.

काल मंगळवार, तिसावा दिवस. ऑफिसातून येऊन खेळ उघडला तर पद माझ्याकडे आलं होतं. प्रमुखाला एक जादा रकाना दिसतो, हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक नावापुढे टिपण लिहायची जागा, जी फक्त प्रमुखालाच दिसते. तू सगळ्यांपुढे लिहून ठेवलं होतंस. पक्यापुढे, 'आरडता, मनाचो बरो'. भांडुपच्या त्या अबोल्या माणसापुढे, 'आईचा डायलिसिस, उशिरा येईल, विचारू नये'. सावलीपुढे, 'बिनपगारी रजा'.

काजव्यापुढेही होतं. टिपणाखाली तारीख असते. ती काजव्याच्या पहिल्या रविवारची होती, मी चुकून हजर लिहिलं त्याच दुपारची.

'हजर परत इली. वळख दाखव नको. खेळ जुनो झालो म्हणत होती.'

म्हणजे दगडामागे उभं राहायला शिकवताना तुला माहीत होतं. दलदलीच्या कडेला तू काजव्याशी बोलत नव्हतास. मी पुसलेलं ते 'दिगू, मी', पडद्यावर ठिपके हलताना तू बघत बसला असशील. थांबलाही असशील जरा.

वाद अजून संपलेला नाही हं. तू नाहीस म्हणून मी तुला सगळा जिंकून देणार नाही. खेळ दोन वर्षं टिकतो, फार तर तीन. पुढची सहा तू टिकवलीस, आणि ते खेळाच्या नावावर धरायचं की तुझ्या, यावर मला तुझ्याशी भांडायचं आहे. जिन्यात बसून, चहा घेऊन.

यादीत सगळ्यात वर अजून तुझंच नाव आहे. त्याच्यापुढे खेळाने आपणहून लिहिलंय, तीस दिवसांपासून गैरहजर. आज ते एकतीस झालं असेल, उद्या बत्तीस. त्याच्या शेजारी तुझ्या टिपणाची जागा रिकामी होती. स्वतःपुढे तू काही लिहिलं नव्हतंस.

पासवर्ड मी घेतला नाही. तुझ्या नावाने आत आले नाही. माझ्या नावाने, माझ्या हाताने, त्या रिकाम्या चौकोनात एक शब्द लिहिला आणि जतन केला. आयुष्यातली पहिलीच खोटी. कॉलेजात सांगू नकोस.

हजर.